पालकसभेची तारीख ठरवण्याआधी पालकांची शिफ्ट विचारा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीच्या कडेच्या वस्तीत एक ताई बालवाडी चालवतात. तीन ते सहा वयाची 28 मुलं. बहुतेकांचे वडील कंपनीत शिफ्टला, आया पॅकिंगला नाहीतर घरकामाला. पालकसभेला पाच-सहा जणी येतात, त्याही नेहमीच्याच. व्हॉट्सॲप ग्रुपवर काही टाकलं की अंगठे येतात, पुढे काही नाही. समोर भेटले तर ‘तुम्हीच बघा मॅडम, आम्हाला कुठं वेळ आहे’ म्हणतात, आणि त्याच दमात ‘लिहायला कधी शिकवणार, होमवर्क का देत नाही’ असंही विचारतात. अशा पालकांना मुलांच्या शिक्षणात सामील कसं करून घ्यायचं?

ताई, तुमच्या मागच्या तीन पालकसभांचे विषय काय होते ते आधी आठवून बघा. मी बालवाडीच्या शिक्षिकांची प्रशिक्षणं घेते तेव्हा हाच प्रश्न पहिल्यांदा विचारते आणि उत्तर जवळपास ठरलेलं असतं: फी, गणवेश, गॅदरिंग. यासाठी कोण खाडा करून येईल? कंत्राटी कामगाराचा त्या दिवसाचा पगार जातो. घरकाम करणारी बाई चार घरी सांगून यायची म्हणजे चार ठिकाणी बोलणी खाते. एवढं करून येऊन बसायचं आणि ऐकायचं काय, तर ‘तुमचा मुलगा फार मस्ती करतो’, तेही सगळ्यांसमोर. मी त्यांच्या जागी असते तर मीही आले नसते.

वेळ नाही हे खरंच आहे, पण त्यामागे आणखी दोन गोष्टी दडलेल्या असतात. एक म्हणजे संकोच. स्वतः सातवी-आठवीत शाळा सुटलेली आई मनातून धरून चालते की शिक्षण ही मॅडमची गोष्ट, आपण मध्ये पडलो तर बिघडवूच. दुसरी म्हणजे आजवरचा अनुभव. शाळेने पालकांना बोलावलं म्हणजे तक्रार असणार किंवा पैसे मागणार, हे त्यांनी स्वतःच्या लहानपणापासून पाहिलंय. म्हणून ‘तुम्हीच बघा’ या बोलण्याला लगेच बेपर्वाई समजू नका. बऱ्याचदा त्यात तुमच्यावरचा विश्वास असतो, आणि आपल्याला काही येत नाही ही कबुली असते.

आता कामाचं बोलू. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी तुम्ही फॉर्म भरून घेता, त्यात आईवडिलांचं शिक्षण आणि उत्पन्न विचारलेलं असतं. त्याचा रोजच्या कामात उपयोग शून्य. त्याऐवजी हे विचारा: मुलाला सोडायला-न्यायला कोण येतं? कोणाची कुठली शिफ्ट, ती दर आठवड्याला बदलते का? साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी? घरातला फोन दिवसभर कोणाजवळ असतो? घरी कुठली भाषा बोलतात? आई-वडील घरी नसताना मूल कोणाजवळ असतं? वर्ष मध्यावर आलं असलं तरी हरकत नाही, एकेकाला दारात उभं करून विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा.

या वहीतून लगेच दिसेल की तुम्ही सभा शनिवारी दुपारी का घेऊ नये. भोसरीच्या पट्ट्यात कितीतरी कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते, शनिवार-रविवार त्यांना कामाचाच वार. सभा गुरुवारी ठेवा. आणि ज्यांची दुसरी शिफ्ट आहे ते वडील सकाळी घरी असतात! मध्यरात्री येऊन झोपतात, नऊ-साडेनऊला उठतात, अकराला मोकळे असतात. म्हणजे ऐन तुमच्या बालवाडीच्या वेळात एक आख्खा बाप वस्तीत उपलब्ध आहे आणि आपण धरून बसलोय की वडिलांना वेळ नसतो.

या वडिलांचं काय करायचं? त्यांना भाषण द्यायला बोलावू नका, ऐकायला तर नकोच. त्यांचं काम दाखवायला बोलवा. एका बालवाडीत कंपनीच्या क्वालिटी विभागात काम करणारे एक वडील व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, घेऊन आले होते. आधी दारातच घुटमळत होते, ‘मी काय सांगणार पोरांना’ म्हणत. ताईंनी त्यांना सरळ जमिनीवर गोलात बसवलं. त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या लेकीचा अंगठा मापला, मग शेजारच्या मुलाचा, मग एक बिस्किट, मग खडू. मुलांनी रांगच लावली. कोणाचं बोट जाड, कोणाचं बारीक, सगळ्यात जाड काय, यावर गलका. एक मुलगी धावत जाऊन मोठं पान घेऊन आली, ते मात्र कॅलिपरात बसेना. ‘हे कशानं मोजायचं मग?’ त्या वडिलांनी खिशातून टेप काढली. अर्ध्या तासात मोजमाप, तुलना, अंदाज हे सगळं झालं आणि ताईंना तोंड उघडावं लागलं नाही. त्यांची लेक त्या दिवशी कशी चालत होती ते बघायला हवं होतं. तुमच्याकडे वेल्डर असेल, रिक्षावाला असेल, गवंडी असेल, भाजीची गाडी लावणारी आई असेल. प्रत्येकाजवळ मुलांना दाखवण्यासारखं काहीतरी आहेच. (नट-बोल्ट, वॉशर आणले तर स्वच्छ धुतलेले आणि मोठेच घ्या, लहानगी तोंडात घालतात.)

पालक शाळेत येत नाहीत तर शाळेने काय करायचं, याचं उत्तर महाराष्ट्रात फार आधी दिलं गेलंय. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी या गावी काम सुरू केलं तेव्हा गरीब घरांतली मुलं बालवाडीपर्यंत यायची नाहीत. मग बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी ही तिथून आलेली कल्पना, सरकारी योजना 1975 मध्ये झाली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मुलं गुरं सोडून येत नाहीत म्हणून त्यांनी आईबापांना दोष दिला नाही. तुमच्या वस्तीत कुरण नाही, पण शिफ्ट आहे, पाण्याची वेळ आहे, कंपनीची बस जिथे थांबते तो नाका आहे.

सगळ्यात कमी वापरली जाणारी जागा म्हणजे बालवाडीचं दार. सोडताना-नेताना मिळतात ती दोन मिनिटं. तिथे आपण काय बोलतो? ‘छान राहिला आज’, ‘डबा संपवला नाही’. यात पालकाला धरायला काही मिळत नाही. त्याऐवजी दिवसाला फक्त दोन मुलं ठरवा आणि त्या दोघांच्या माणसांना एकच नेमकी गोष्ट सांगा: ‘आज हिने ठोकळे लहान-मोठे असे ओळीने लावले, कोणी न सांगता. घरी डबे असतील ना, आज तिलाच रचायला द्या.’ बस्स. दुसऱ्या दिवशी आईला विचारू नका, तपासणी वाटते. मुलीला विचारा, आईच्या देखत: ‘काय गं, लावलेस का डबे?’ लावले असतील तर ती सांगेलच. नसतील तर आईला मुलगीच आठवण करून देईल, आणि मुलाने मागितलेली गोष्ट आईबाप तुमच्या सूचनेपेक्षा लवकर ऐकतात. दिवसाला दोन म्हणजे तीन आठवड्यांत सगळ्या घरांपर्यंत पोहोचता. आणि न्यायला आजी येत असेल, शेजारीण येत असेल, आठवीतली बहीण येत असेल तर तिलाच सांगा. मुलाजवळ संध्याकाळी जो असतो तो तुमचा पालक. आईसाठी निरोप ठेवण्यात काही अर्थ नाही.

घरी काय करायला सांगायचं, इथे बहुतेक शिक्षिका घसरतात. चार्ट पेपर, घोटीव कागद, ‘पालकांच्या मदतीने पावसाळ्याचे चित्र तयार करा’. रात्री अकराला आई ते चित्र करते आणि मूल झोपलेलं असतं. कृपा करून हे बंद करा. दमलेल्या माणसाला नवीन काम देऊ नका. जे काम तो करतोच आहे त्यात मुलाला शेजारी बसवायला सांगा. लसूण सोलणं, शेंगा फोडणं, मेथी निवडणं, कपड्यांच्या घड्या, मोज्यांच्या जोड्या लावणं, ताटं मांडणं, दुकानातून आणलेलं सामान डब्यात भरणं. यातलं एकही काम मुलासाठी वेगळा वेळ काढून करावं लागत नाही.

फक्त बोलायचं कसं ते मात्र दाखवावं लागतं, नुसतं सांगून होत नाही. आपल्याकडे मुलाशी बोलणं म्हणजे एकतर हुकूम, नाहीतर परीक्षा. ‘हा कुठला कलर? हे किती? बोल ना, मॅडमनी शिकवलं ना?’ असं तीनदा झालं की मूल उठून जातं. मी सभेत एका आईला आणि तिच्या मुलीला मध्ये बसवून पावशेर शेंगा देते आणि सांगते, परीक्षा घ्यायची नाही, नुसतं बोला. असं काहीतरी होतं:

‘ही बघ केवढी मोठी शेंग.’
‘माझी पण मोठीये.’
‘तुझ्यात किती दाणे असतील गं? मला वाटतं तीन.’
‘नाही, चार.’
‘फोड बघू.’
‘दोनच! एक छोटाये.’
‘छोटा का राहिला असेल?’
‘त्याला जागाच नव्हती. मोठ्याने ढकललं.’

एवढंच. यात अंदाज आला, मोजणं आलं, कारण शोधणं आलं, पूर्ण वाक्यं आली. सगळ्या आया हसतात आणि मग कोणीतरी म्हणतंच, ‘एवढं तर आम्ही पण करू.’ त्या वाक्यासाठीच सभा घ्यायची असते. पालक पुढे येतात ते आपल्याला जमेल असं वाटलं म्हणून, आणि कोणीतरी मनापासून बोलावलं म्हणून. हे महत्त्व पटवून देणाऱ्या भाषणाने होत नाही.

सभेचा साचाही तसाच ठेवा. पाऊण तास, त्याच्या वर नाही. खुर्च्या नकोत. 2022 पासून आपल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये ‘पहिले पाऊल’ नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात ते एकदा जाऊन बघा. तिथे आई मुलाला घेऊन टेबलाटेबलावर फिरते, उड्या मारायला लावते, चित्रावर बोलते, वस्तूंचे गट करते, आणि मूल काय करू शकतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघते. नंतर वस्तीतल्या आयांचे लहान लहान माता गट करतात. तुमच्या 28 मुलांसाठी चार टेबलं पुरेत. हजेरी, फी, गणवेश यांचं एका कागदावर लिहून दाराशी लावा. तक्रार असेल तर ती एकट्या आईशी, बसून, आणि आधी मुलाची एक चांगली गोष्ट सांगून.

आता ते लिहिण्याचं. ‘एबीसीडी कधी, बाराखडी कधी’ या प्रश्नाला टाळू नका, हसण्यावारी तर अजिबात नेऊ नका. पोटाला चिमटा काढून फी भरणाऱ्या माणसाला आपण कशाचे पैसे देतोय हे विचारायचा हक्क आहे. शेजारच्या इंग्लिश मीडियमचं पोर चार ओळीची वही भरून आणतं आणि आपलं शेंगा फोडतं, तर शंका येणारच. मी दोन गोष्टी दाखवते. पहिली, चिमूट. पेन्सिल ज्या तीन बोटांनी धरतात त्याच बोटांनी शेंग फुटते, लसूण सोलला जातो. मूल पेन्सिल मुठीत धरतंय की चिमटीत, ते पालकांना स्वतः बघू द्या. दुसरी, फाइल. प्रत्येक मुलाचं महिन्याला एक चित्र तारीख घालून ठेवा. जूनमध्ये नुसत्या गिरगोट्या, ऑगस्ट-सप्टेंबरात बंद होणारा गोल, पुढे त्या गोलाला डोळे, मग गोलातूनच निघालेले हातपाय. ही चित्रं ओळीने मांडली की वडीलसुद्धा खाली वाकून बघतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षं एकत्र धरून पायाभूत टप्पा केलाय आणि तिथे खेळातून शिकण्यावरच भर आहे, हेही सांगा. सरकारच असं म्हणतंय म्हटल्यावर काही वडिलांना बरं वाटतं. पण फाइल जास्त काम करते.

भाषेबद्दल एक. तुमच्या पट्ट्यात खानदेशातली घरं बरीच असतील, मराठवाड्यातली, बिहार-उत्तर प्रदेशातलीही असतील. ‘घरी मराठीतच बोला’, ‘इंग्लिश शब्द शिकवा’ असं चुकूनही सांगू नका. आईला जी भाषा सुखाने येते त्या भाषेत ती जास्त बोलेल, गोष्ट रंगवून सांगेल, रागवेल, चिडवेल. मुलाला मोकळं बोलता येणं हे पुढच्या वाचनाचं भांडवल आहे, मग ते अहिराणीत असो की भोजपुरीत. अहिराणी बोलणाऱ्या आजीला एकदा वर्गात बोलावून गोष्ट सांगायला लावा. वाचता न येणाऱ्या पालकांना तर हे मुद्दाम सांगावं लागतं की पुस्तक नसलं तरी चालतं. ‘चिऊताई चिऊताई दार उघड’ सांगायला अक्षरओळख लागत नाही, आणि चिऊ दर वेळी नवीन कारण सांगू शकते.

व्हॉट्सॲपचं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक शाळांत 2013-14 मध्ये बेंजामिन यॉर्क आणि सुझाना लोएब या अभ्यासकांनी चार वर्षांच्या मुलांच्या पालकांना आठवड्याला फक्त तीन मेसेज पाठवून पाहिले. एकात माहिती, दुसऱ्यात करून बघायची एक छोटी गोष्ट, तिसऱ्यात शाबासकी आणि थोडं पुढचं पाऊल. पालक घरी जास्त करू लागले आणि मुलांच्या अक्षरओळखीतही फरक दिसला. नंतरच्या एका अभ्यासात मेसेज आठवड्याला पाच केले, तर फायदा वाढला नाही; उलट ‘मेसेज नकोत’ म्हणणारे पालक वाढले. तुमच्या ग्रुपवर दिवसाला किती पडतात ते मोजा. माझं मत: ग्रुप फक्त सुट्टी आणि वेळेच्या सूचनांसाठी, तिथे गुड मॉर्निंगला बंदी. शिकण्याचं जे काही असेल ते आठवड्याला दोन-तीनदा, अर्ध्या मिनिटाच्या आवाजी मेसेजमध्ये, तुमच्या रोजच्या बोलण्यात. वाचता न येणाऱ्या आईलाही ते पोहोचतं. फोन वडिलांजवळ कंपनीत असतो त्या घरांसाठी जेवणाच्या सुट्टीची वेळ बघून पाठवा, नाहीतर तो मेसेज मध्यरात्री उघडतो. आणि ‘करून फोटो पाठवा’ हे तर नकोच. फोटो मागितले की शेंगा बाजूला राहतात आणि मुलाला नवा फ्रॉक घालून पोझ दिली जाते. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्या आया मागे पडतात त्या वेगळ्याच.

घरभेटी जमतील तेवढ्याच करा. आधी सांगून जा, पाणी घ्या, चहा-पोह्यांचा घाट घालू देऊ नका, आणि वही बाहेर काढू नका. घरात काय नाही ते बघायला आपण जात नाही.

एवढं करून तीन-चार घरं तशीच राहतील. कोणी दारूत बुडालेलं असेल, कोणी दोन नोकऱ्या करत असेल, कुठे आईच नसेल. त्या मुलांना वर्गात तुमची जास्त पाच मिनिटं द्या आणि आईबापांचा राग मुलावर निघणार नाही एवढं सांभाळा. आणि सगळं ओझं पालकांवर आणि तुमच्यावर टाकणंही बरोबर नाही. 2017 च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आहे, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं असतं. तुमच्या पालकांपैकी किती जणींनी ते पाळणाघर पाहिलंय, विचारून बघा. सभेत हा विषय काढायला हरकत नाही, पण त्यासाठी त्यांची नोकरी धोक्यात येणार नाही हे आधी बघा.

तुम्हीही दमलेल्या असता हे मला माहीत आहे. म्हणून हे सगळं एकदम नको. या महिन्यात वही आणि दारातली दोन मिनिटं, एवढंच. गुरुवारची सभा पुढच्या महिन्यात, एखादे दुसऱ्या शिफ्टचे वडील त्यानंतर. होमवर्क मागणाऱ्यांना मात्र उद्यापासूनच द्या: रोज एक. ‘आज जेवताना ताटं मोजून मांडायची.’ मुलाच्या हातावर पेनाने एक ताट काढून पाठवा, म्हणजे घरी ते पुसायच्या आत कोणीतरी विचारेलच की हे काय आहे.